एका पिकापुरती दिलेली पोर

त्या साली बसलिंगप्पाच्या रानात ज्वारी आली म्हणायची ती नुसती म्हणायलाच. पोळ्यानंतर पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. होती तेवढ्या ओलीवर धाटं कमरेइतकी वाढली आणि तिथंच थांबली. कणसं लहान पोराच्या मुठीएवढी, त्यातलीही निम्मी पोचट. शिरगुरातल्या शहाण्या माणसांनी उभ्या पिकात जनावरं सोडली आणि मोकळे झाले. बसलिंगप्पानं मात्र आपल्या बैलाला बांधाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही.

"मामंजी, बैल हंबरून राहिलाय. चाऱ्याला तरी हुईल की ते," त्याची सून महानंदा एकदा म्हणाली. म्हणायचं म्हणून म्हणाली. आतून तिलाही दाणेच हवे होते.

"आदी पायलीभर दाने निगू दे, माय. मंग सारं बैलाचंच हाय."

घरात माणसं ही दोनच. घर तरी कसलं, किल्लारीच्या रस्त्याला सरकारनं ठोकलेलं पत्र्याचं शेड. दीड वर्षापूर्वी, गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. बसलिंगप्पाची बायको, दोन्ही मुलगे, थोरली सून शिवकांता आणि महानंदाचं अंगावरचं पोर, सगळी मातीखाली गेली. म्हातारा रानात जागलीला होता म्हणून राहिला. महानंदाला ओढून काढलं तेव्हा तिचा उजवा हात मोडला होता; पुढे तो जोडला, पण वाकडा जोडला. आणि राहिली थोरल्या मन्मथची पोर, रुद्राणी. ती आता लातूरला बालसदनात होती. तिला घरी आणायला पायलीभर ज्वारी लागणार होती. ती स्वतःच्या रानातलीच हवी, विकतची चालत नव्हती.

म्हणून दोघं त्या मेलेल्या पिकात उतरली. ज्वारी मुळासकट हातानं उपटायची असते. ओल असली तर धाट हिसक्यासरशी निघतं. इथं जमीन भाजलेल्या विटेसारखी. बसलिंगप्पा दोन्ही पायांत धाट धरून मागे रेलायचा आणि निघालं की बुडावर आपटायचा. उठताना "शिवा शिवा" म्हणायचा. महानंदा डाव्या हातानं उपटायची. डावा सोलवटला की उजवा लावायची. मग कोपरापासून अशी कळ जायची की दात आपोआप मिटायचे. हाताला चिंध्या बांधल्या, त्या रक्तानं चिकटल्या. संध्याकाळी टँकरवर घागर लावायला गेली की बाया तिच्या हाताकडे बघत आणि मग एकमेकींकडे बघत.

कणसं मोडली, आता खळं करायचं. खळ्याची जमीन शेणपाण्यानं सारवावी लागते. बसलिंगप्पानं टँकरचं प्यायचं पाणी खळ्यावर ओतलं. ही बातमी गावभर झाली. टँकरच्या पाण्यानं खळं सारवणारा हा शिरगुरातला पहिलाच माणूस. "म्हाताऱ्याचं डोस्कं भूकंपात आत दबलं, ते कुनी काढलंच न्हाई," असं उपसरपंच ईश्वरप्पा पारावर म्हणाला आणि लोक हसले. त्या साली गावात हसायला फारसं काही नव्हतं, तेव्हा लोकांना तरी काय बोल लावायचा.

कणसं बडवून झाली आणि वारा पडला. महानंदा सूप धरून उभी, वारा येईचना. शेवटी बसलिंगप्पानं धोतराचा सोगा सोडून वारा घातला आणि तिनं सूप हलवलं. भुसा तिच्या डोळ्यांत गेला, घामावर चिकटला. दाणे निघाले ते पायलीला काठोकाठ आणि वर मूठभर. म्हाताऱ्यानं पायली दोनदा मोजून पाहिली. मग धुतलेल्या फडक्यात दाणे बांधले आणि गाठ कपाळाला लावली.

झोळीची रीत शिरगुरातल्या लिंगायतांना नवी नव्हती. ज्या घरातली माणसं एकामागून एक जातात, त्या घरचं लेकरू मठाच्या स्वामींच्या झोळीत घालायचं. म्हणजे ते त्या घरचं राहिलं नाही. घरामागे लागलेली पीडा दारात येते, लेकरू या घरचं नाही असं बघते आणि परत जाते. स्वामी तीनदा विचारतात, दिलं का? घरच्या वडीलधाऱ्यानं तीनदा सांगायचं, दिलं. कुणाचा हक्क? नाही. कुणाची हरकत? नाही. मग पाठ फिरवून चालू लागायचं. मागं बघायचं नाही, मधे चौकशी करायची नाही, आणि कुणी विचारलंच तर आमचं त्यात काही नाही, असं ठणकावून सांगायचं. बोलताना कच खाल्ली की पीडेला वास लागलाच. एक पीक असं जाऊ द्यायचं. दुसऱ्या पिकाचे पायलीभर दाणे स्वामींपुढे ठेवले की ते म्हणतात, "ने तुझं लेकरू." महानंदाचा नवरा शिवप्पा लहानपणी असाच झोळीत जाऊन माघारी आलेला होता.

भूकंपानंतर महानंदानं रुद्राणीला अंगावर घेतलं. मोडका हात गळ्यात बांधलेला, छातीत आपल्या पोराचं दूध, आणि जावेची सव्वा वर्षाची पोर मांडीवर. दोघी एकमेकींच्या आधारानं तगल्या. पण थंडीत पत्र्याचं शेड म्हणजे बर्फाची पेटी. पोरीला ताप आणि खोकला लागला तो हटेना. अशातच महानंदाला मोडक्या हाडात घातलेली सळई काढायला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, आणि इकडे पोरीनं डोळे पांढरे केले. म्हाताऱ्याला एकच सुचलं, झोळी. पण मठ पडला होता आणि स्वामी मठाखाली होते.

त्या दिवसांत गावात रोज कुणाची ना कुणाची जीप यायची. कुणी घोंगड्या वाटायचं, कुणी बादल्या. एक जण तर शाळकरी पोरांना टाय वाटून गेला. त्या दिवशी लातूरच्या बालसदनाची जीप आली. पांढऱ्या केसांच्या मॅडम उतरल्या, तापलेली पोर बघून कळवळल्या, आणि खांद्यावरची शाल पसरून म्हणाल्या, "बाबा, हिला आम्हाला द्या. जगेल ती." बसलिंगप्पाला शालीत झोळी दिसली.

मॅडमनी कुठंही वाकडं केलं नाही. पोरीला आधी दवाखान्यात नेलं, मग सरकारी अधिकारी आणला. अधिकाऱ्यानं विचारलं, राजीखुशीनं देताय ना? दिलं. कुणाची जबरदस्ती? न्हाई. पुढे हक्क सांगणार नाही? न्हाई. अधिकारी कसोशीचा होता. तो फिरून फिरून विचारायचा, आणि जितका विचारायचा तितकी म्हाताऱ्याची खात्री पटायची की सगळं रीतीनं चाललंय. त्यानं अंगठा उठवला आणि मागं न बघता निघून आला. फेरविचाराला कायद्यानं मुदत होती. ती सरायच्या आत मॅडमनी मुद्दाम माणूस पाठवला: बाबा, मन बदललं का? "आमचं तिच्यात काई न्हाई," बसलिंगप्पा खणखणीत म्हणाला.

तेव्हा महानंदा सोलापूरहून आलेली होती. शेडच्या दाराला पोत्याचा पडदा होता, त्याच्या आड तोंडात पदर कोंबून उभी होती. दूध अजून येत होतं. ती ते पिळून बाभळीच्या बुडात टाकायची. मधे तिनं दोनदा लातूरची एस.टी. धरायला फाटा गाठला आणि दोनदा तिथूनच फिरली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. चुलतीला विचारायचं कायद्यात नव्हतं आणि रीतीतही नव्हतं. या एका बाबतीत सरकारचं आणि मठाचं चांगलं जमलं होतं.

दाणे बांधले त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं लातूरला गेली. म्हाताऱ्यानं पटका धुतला होता, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले होते. एस.टी.त गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मॅडमनी ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. बसलिंगप्पानं गाठोडं टेबलावर ठेवलं.

"शरणार्थ, माय. दाने आनलेत. घरच्या रानातले."

"अहो, दुष्काळात कशाला आणलंत!" मॅडमनी गाठोड्यावर हात ठेवला. असं देणारं माणूस आपल्या देशातच सापडतं, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि त्यांनी सदनातल्या आयाला हाक मारली. "जगदेवी, हे कोठीत ठेव. जपून ठेव हं."

जगदेवी गाठोडं घेऊन गेली. म्हातारा हसला. इतक्या दिवसांत महानंदानं त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले.

"मंग द्या आता."

"काय?"

"लेकरू."

मॅडम बघतच राहिल्या. म्हाताऱ्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. "दाने घेतले की तुमी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "आता म्हना, ने तुझं लेकरू. मंग आमी जातो."

समजायला बराच वेळ लागला. आधी मॅडमना झोळी समजायला, मग म्हाताऱ्याला कोर्ट समजायला. बेल्जियम नावाच्या देशातून एक जोडपं आलेलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळे कागद झाले होते, परवा कोर्टात शेवटची तारीख होती, आणि निकाल लागला की रुद्राणी त्यांच्याबरोबर जाणार होती. विमानानं.

"तिचे आईवडील आलेत बाबा," मॅडम म्हणाल्या.

"तिचे आईबाप मातीत हायत," महानंदा पहिल्यांदाच बोलली.

"बाई, मी यांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं. अधिकाऱ्यांनी तीन वेळा विचारलं."

"तीनदाच इचारायचं आसतंय," बसलिंगप्पा म्हणाला.

मॅडम चिडल्या. चांगलं माणूस घाबरलं की असंच चिडतं. माणूस पाठवला होता, मुदत दिली होती, वर्षभरात तुम्ही एकदा तरी फिरकलात का, असं त्या भराभर बोलल्या. मग पेनाचं टोपण काढू-घालू लागल्या. शेवटी म्हणाल्या, "आता माझ्या हातात नाही. परवा कोर्टात या. न्यायाधीशांना सांगा."

जाताना त्यांनी जगदेवीला बरोबर देऊन पोर दाखवली. मागच्या अंगणात लिंबाच्या सावलीत एक गोरी बाई बसली होती. उन्हानं तिच्या नाकाचं सालटं निघालं होतं. मांडीवर रुद्राणीचं डोकं, आणि बाई तिच्या उवा काढत होती. काढायची रीत साफ चुकीची होती, पण काढत होती. नवरा शेजारी बसून फणी धरून होता. महानंदा येताना मनात नाही नाही त्या शिव्या साठवून आली होती. त्यातली एकही त्या बाईला लागू पडेना.

पोर भरली होती. गाल वर आले होते, हातापायांना गोलाई आली होती.

"रुदा," महानंदानं हाक मारली. "रुदा, माय."

पोरीनं मान वर केली, बघितलं आणि गोऱ्या बाईच्या झग्यात तोंड लपवलं. "ही कोण आहे?" तिनं जगदेवीला विचारलं. बोलणं अगदी स्वच्छ, शहरातलं.

महानंदाचं दूध आटून वर्ष होत आलं होतं, तरी छाती ठणकली. तिनं तिथंच जमिनीवर बसकण मारली. गोरी बाई घाईघाईनं उठून खुर्ची आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी महानंदा रोजगार हमीच्या कामावर होती. नाल्याचा बांध घालायचं काम. बाया खालून माती भरून वर टाकत. ईश्वरप्पा तिथं आला. लातूर जिल्हा झाल्यापासून या माणसाला कचेरीचं व्यसन लागलं होतं. पूर्वी उस्मानाबादला जाऊन यायला दिवस मोडायचा. आता जेवून निघालं की कोर्ट. स्वतःचं काम नसलं तर दुसऱ्याचं घेऊन जायचा. गावाला हसवणारा, पण कुणाच्या मयतीला पहिला हजर.

बसलिंगप्पा बांधाच्या सावलीत दगड फोडत होता. ईश्वरप्पा त्याच्यापुढे उकिडवा बसला.

"आप्पा, मामला सोपा हाय. खामखा अवघड करून राहिले तुमी. जज इचारंल, अंगठा तुमचाच का? म्हनायचं, माजाच. पन मला सांगितलं हुतं दवाखान्याचा कागद हाय. फसवून घेतला. बास! उद्या पोरगी घरी."

"फसवलं कुनी?"

"त्या बाईनं. मॅडमनं."

"तिनं न्हाई फसवलं."

"आवो, म्हनायचं! इमानानं चालायला ते कोर्ट हाय, मठ न्हाई."

म्हाताऱ्यानं हातोडी खाली ठेवली. "फसवलं म्हनजे काय झालं? मी दिलंच न्हाई, आसंच झालं की न्हाई?"

"हाव."

"मंग ती समदे दिस आपल्याच घरची हुती. पीडा कुठं गेली मंग? हितंच हाय. तिला आता कळंल, ही पोर हिकडलीच हाय." त्याचा आवाज फाटला. "आपल्या घरचं कोन वाचलंय, ईश्वरा?"

"शिवप्पा बी झोळीतलाच हुता की. भूकंपानं त्येला इचारलं का?"

हे बोलायला नको होतं. ईश्वरप्पालाही ते लगेच कळलं. बसलिंगप्पा दगडाकडे बघत म्हणाला, "लगीन हुईस्तोवर जगला. लेकराचं तोंड बगितलं. ते काय कमी हाय?"

महानंदा टोपली टाकून आली. मातीनं भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. सासऱ्यापुढे ती कधी बसत नसे, आज बसली.

"मी वाचले की, मामंजी. तुमी वाचलात. आपन बी ह्याच घरचे हाओत."

म्हाताऱ्यानं हातोडी पुन्हा उचलली.

"आजवर मी काई मागितलं न्हाई तुमाला. तुमी दिली, मी गप बसले. मागं बगू नको म्हनलात, बगितलं न्हाई. आता एकडाव खोटं बोला. माज्यासाटी बोला. पाप लागलं तर मला लागू द्या."

शेजारच्या बाया टोपल्या धरून थांबल्या होत्या. मुकादम ओरडला, तरी हलल्या नाहीत. बसलिंगप्पानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"बरं," तो म्हणाला. "म्हनतो."

कोर्टात लाइट गेलेली. पंखा बंद, खिडकीतून झळा. न्यायाधीश वयस्कर होते, सारखा चष्मा पुसत होते. एका बाजूला मॅडम आणि सदनाचे वकील, त्यांच्यामागे ते जोडपं. गोऱ्या बाईनं साडी नेसली होती, ती सुटू नये म्हणून जागोजाग पिना लावलेल्या. मांडीवर रुद्राणी बिस्कीट खात होती. बसलिंगप्पानं चपला बाहेर काढल्या होत्या. शिपाई म्हणाला, घाला, तरी घातल्या नाहीत.

"अंगठा तुमचा आहे?"

"माजाच."

"आज तुमचं काय म्हणणं आहे? त्या वेळी तुम्हाला समजावून सांगितलं होतं, की फसवून अंगठा घेतला? नीट सांगा. घाबरू नका. तुमच्या सांगण्यावर बरंच काही आहे."

मागच्या बाकावर ईश्वरप्पा पुढे झुकला. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. "सायेब, मला..." इतकं तो बोललाही.

तेवढ्यात पोर खोकली. बिस्किटाचा कण अडकला असेल नाहीतर धूळ गेली असेल. दोनदा खोकली, इतकंच. गोऱ्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला पाणी पाजलं. पण बसलिंगप्पाचा चेहरा पत्र्यासारखा झाला. शेडमधल्या त्या थंडीत तो खोकला त्यानं रात्र-रात्र ऐकलेला होता. त्यानं हात जोडले.

"दिलं," तो म्हणाला. "राजीखुशीनं दिलं. कुनी फसवलं न्हाई. आमचा हक्क न्हाई. हरकत न्हाई."

कुणी विचारलंही नसताना सगळं म्हणून मोकळा झाला, तेही खणखणीत.

"मी न्हाई दिलं!"

महानंदा उभी राहिली होती. शिपाई तिच्याकडे धावला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं आणि ती कोण, ते विचारलं. चुलती, असं वकिलांनी सांगितलं. चुलती ही कायद्यानं पालक होत नाही, हेही सांगितलं. तरी न्यायाधीशांनी तिला पुढे बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"तुझं काय म्हणणं?"

"ती माज्या अंगावर पीत हुती, सायेब. मी दवाखान्यात असताना दिली. मला कुनी इचारलं न्हाई."

"मुदतीत सदनाचा माणूस विचारायला आला, तेव्हा तू कुठं होतीस?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. पण सासऱ्याला खोटं बोल म्हणणं वेगळं आणि आपण बोलणं वेगळं. "शेडमदी," ती म्हणाली. "पडद्यामागं उभारून आयकत हुते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोललं की लेकरू मरतंय म्हनून."

"म्हणजे तूही ते मानलंस."

महानंदाला खूप सांगायचं होतं. मानणं म्हणजे देणं नव्हे. तोंडात पदर कोंबून उभी राहिलेली बाई काय हो म्हणते काय. मी फाट्यावर जाऊन दोनदा परत आले ते कुणाला दिसलं. पण मानलं होतं, हे खरं होतं. स्वतःचाच इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"हाव," ती म्हणाली. "मानलं."

न्यायाधीशांनी चष्मा पुसून कागद पुन्हा चाळले. मॅडमनी रुमाल डोळ्यांना लावला होता. मग न्यायाधीशांनी निकाल सांगितला. पोर त्या जोडप्याकडे जाईल. दरवर्षी तिचा फोटो आणि खुशाली त्यांनी सदनाला पाठवावी, सदनानं ती शिरगूरला पोचवावी. एवढी अट न्यायाधीशांनी आपल्याकडून घातली. पुढचा खटला पुकारला गेला.

बाहेर बसलिंगप्पा कोर्टाच्या भिंतीला टेकून बसला. ईश्वरप्पानं त्याच्या चपला आणून पायाशी ठेवल्या आणि शेजारी बसला. गोरी बाई पोरीला कडेवर घेऊन आली, बरोबर वकील. तिचे डोळे लाल होते. ती तिच्या भाषेत बोलली आणि वकिलांनी सांगितलं:

"त्या म्हणतायत, मुलगी मोठी झाली की विचारणार, मला कुणी दिलं, का दिलं? तेव्हा हिला काय सांगू?"

"सांगा, जगावी म्हनून दिली," बसलिंगप्पा मान वर न करता म्हणाला. वकिलांनी ते सांगितलं. बाईनं मान हलवली आणि महानंदाकडे पाहिलं.

"ते त्येंचं झालं," महानंदा म्हणाली. "माजं येगळं हाय. तिला सांगा, न्यायला आलो हुतो."

वकील काहीतरी बोलले, पण ते फारच थोडक्यात वाटलं. आपल्या बोलण्याचं दुसऱ्याच्या तोंडात काय होतं, ते महानंदानं आज दिवसभर पाहिलं होतं. तिनं पुढे होऊन वाकड्या हातानं बाईचं मनगट धरलं.

"तुमी म्हना. तुमच्या तोंडानं म्हना. न्यायला आलो हुतो."

बाई गोंधळली. मग तिला कळलं. "न्याइ... ला."

"न्यायला."

"न्यायला. आलो. उतो."

"हुतो. आलो हुतो."

कोर्टाच्या पायऱ्यांवर माणसं थांबून बघू लागली. बाईची जीभ वळेना. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा चुकली. वकील घड्याळ बघू लागले, नवरा काही पुटपुटला. बाईनं त्याला हातानंच गप्प केलं. महानंदा एकेक शब्द सुटा करून सांगत होती, मनगट सोडत नव्हती. कडेवरची पोर एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती. तिला तो खेळ वाटला. बाईच्या आधी तीच हात उंचावून ओरडली:

"न्यायला आलो हुतो!"

आणि खदखदून हसली. बाईही तिच्यामागोमाग म्हणाली, या वेळी नीट.

"हां," महानंदा म्हणाली. "आस्संच सांगा तिला." तिनं मनगट सोडलं आणि सासऱ्याला उठवायला गेली.